‘यंग फ्रँकेनस्टाईन’ दाखवायचा आहे, त्याआधी कोणते जुने चित्रपट दाखवावे लागतील?

चित्रकथी

आमच्या वाचनालयाच्या चित्रपट मंडळात जुन्या राक्षसपटांची टर उडवणारे विनोदी चित्रपट दाखवायचं ठरतंय. मुख्य चित्रपट मेल ब्रुक्सचा ‘यंग फ्रँकेनस्टाईन’ (१९७४). चाळीसेक प्रेक्षक, दोन रविवार, दुपारी तीन ते सात. हॉल आहे, प्रोजेक्टर आहे, आठ फूट रुंदीचा पडदा आहे. बहुतेकांनी १९३०च्या दशकातले मूळ चित्रपट पाहिलेले नाहीत. फ्रँकेनस्टाईन म्हटलं की मानेत बोल्ट असलेला हिरवा राक्षस एवढंच डोळ्यांसमोर येतं.

प्रश्न असे:
– मूळ चित्रपटांपैकी कोणते दाखवल्याशिवाय ‘यंग फ्रँकेनस्टाईन’ची मजा अर्धी राहील?
– ‘अ‍ॅबट अँड कॉस्टेलो मीट फ्रँकेनस्टाईन’ (१९४८) याच मालिकेत बसतो का, की त्याची तयारी वेगळी?
– इतके जुने कृष्णधवल चित्रपट प्रोजेक्टरवर दाखवताना नेमकं काय सांभाळायचं?

कृष्णधवल

थेट उत्तर: तीन चित्रपट. ‘फ्रँकेनस्टाईन’ (१९३१, ७१ मिनिटं), ‘ब्राइड ऑफ फ्रँकेनस्टाईन’ (१९३५, ७५ मिनिटं) आणि ‘सन ऑफ फ्रँकेनस्टाईन’ (१९३९, ९९ मिनिटं). पहिले दोन जेम्स व्हेलचे, तिसरा रोलंड ली याचा. तिन्हींत राक्षस बोरिस कार्लॉफच आहे.

बहुतेक जण पहिले दोन दाखवतात आणि तिसरा गाळतात. नेमकी तिथेच चूक होते. ‘यंग फ्रँकेनस्टाईन’चा सांगाडा ‘सन’वर उभा आहे. मूळ शास्त्रज्ञाचा वारस आगगाडीने गावात येतो, गावकरी त्याच्याकडे संशयाने बघतात, वाड्यात जुन्या प्रयोगशाळेचा वारसा त्याची वाट बघत असतो आणि लाकडी हाताचा पोलीस इन्स्पेक्टर त्याच्या मागावर असतो. हे सगळं ‘सन’मधलं आहे. गाडीतच तो वारस कुरकुरतो की आमचं आडनाव म्हणजे भीतीचा समानार्थी शब्द झालाय, लोक तर त्या राक्षसालाच फ्रँकेनस्टाईन म्हणतात. जीन वाइल्डरचा नायक आपलं आडनाव ‘फ्रॉन्केनस्टीन’ असं उच्चारायला लावतो, त्याचं मूळ या तक्रारीत आहे. ‘सन’ न पाहिलेल्याला तो नुसता उच्चाराचा विनोद वाटतो.

आता तो इन्स्पेक्टर. ‘सन’मधला इन्स्पेक्टर क्रोग (लायोनेल अ‍ॅटविल) लहान असताना राक्षसाने त्याचा हात मुळापासून उपटलेला असतो. तो सलाम करतो तेव्हा लाकडी हात दुसऱ्या हाताने उचलून कपाळाला लावतो. मोनोकल (एका डोळ्याचा चष्मा) पुसायचा असला की तो लाकडी बोटांत अडकवतो. डार्ट्स खेळताना हातातले बाण सरळ आपल्या लाकडी दंडात टोचून ठेवतो. आणि हे सगळं १९३९ साली अत्यंत गंभीरपणे केलेलं आहे. ब्रुक्सने त्यात किती थोडी भर घातली ते बघा. केनेथ मार्सचा इन्स्पेक्टर केम्प मोनोकल लावतो तो डोळ्यावरच्या काळ्या पट्टीवर. डार्ट्सचा खेळ तसाच होतो, बाण दंडात तसेच टोचले जातात, फक्त नायकाने नेम धरला की केम्प ऐन वेळी ओरडून त्याचा हात हलवतो, बाण खिडकीबाहेर जातात आणि पुढे केम्पच्या गाडीची चाकं बसलेली दिसतात. मूळ दृश्य पाहिलेल्या माणसाला क्रोगचा हात आठवत असतो, म्हणून पहिला बाण दंडात गेला की तो हसायला सुरुवात करतो. न पाहिलेला गाडीच्या चाकांपाशी हसतो. एवढा फरक पडतो.

नोकराच्या नावाचाही घोटाळा आधी सोडवून टाका. १९३१च्या चित्रपटात कुबडा नोकर आहे, पण त्याचं नाव फ्रिट्झ (ड्वाइट फ्राय). इगोर ‘सन’मध्ये येतो, तो बेला लुगोसीने केलाय, आणि त्याला कुबड नाही. फासावर चढवूनही तो मेलेला नाही आणि त्याची मान मोडलेली आहे. लोकांच्या डोक्यात या दोघांचा मिळून ‘कुबडा इगोर’ झालाय आणि मार्टी फेल्डमनचा ‘आयगोर’ हा त्या जोडगोळीवरचा विनोद आहे. त्याचं कुबड कधी डाव्या खांद्यावर असतं, कधी उजव्या. फेल्डमन ते कुणाला न सांगता चित्रीकरणात इकडून तिकडे हलवत असे आणि लक्षात आल्यावर ते चित्रपटातच ठेवलं गेलं.

वेळापत्रक: पहिला रविवार ‘फ्रँकेनस्टाईन’ आणि ‘ब्राइड’, मिळून १४६ मिनिटं. मध्ये वीस मिनिटं चहा, तरी चर्चेला तासभर उरतो. दुसरा रविवार ‘सन’ आणि ‘यंग’ (१०६ मिनिटं), मिळून २०५ मिनिटं. इथे चहाला वीसपेक्षा जास्त मिनिटं देऊ नका आणि खेळ बरोबर तीनला सुरू करा, नाहीतर शेवटाला हॉलवाले दिवे लावायला येतील.

रीळवाला

वरच्या क्रमाला माझाही दुजोरा. फक्त एक गोष्ट. ‘फ्रँकेनस्टाईन’ची तुमची प्रत पूर्ण आहे ना ते आधी तपासा.

तळ्याकाठी लहान मुलगी मरिया राक्षसाबरोबर फुलं पाण्यात टाकून खेळते. फुलं संपतात. राक्षसाला वाटतं, फूल तरंगतं तशी मुलगीही तरंगेल, आणि तो तिला उचलून पाण्यात टाकतो. सेन्सॉरमुळे हा टाकण्याचा भाग पुढच्या काळातल्या प्रतींतून कापला गेला होता. राक्षस तिच्याकडे हात पुढे करतो तिथेच दृश्य तुटायचं आणि पुढे बाप मेलेल्या मुलीला घेऊन गावात येताना दिसायचा. त्या कापण्याने उलट जास्त भयानक अर्थ निघत होता. तो तुकडा १९८०च्या दशकात परत जोडला गेला.

म्हणजे १९७४ साली थिएटरात बसलेल्या प्रेक्षकांनी हे दृश्य बहुधा तुटलेलंच पाहिलेलं होतं. ‘यंग फ्रँकेनस्टाईन’मध्ये मुलगी विहिरीत फुलाच्या पाकळ्या टाकते, त्या संपतात आणि ती विचारते, आता काय टाकायचं? राक्षस झालेला पीटर बॉइल मान वळवून सरळ कॅमेऱ्याकडे बघतो. त्या एका नजरेत सगळं येतं. पुढे काय व्हायचं ते तुम्हाला माहीत आहे, हे त्यालाही माहीत आहे. मग दोघं सी-सॉवर बसतात, तो धपकन बसतो आणि मुलगी उडून खिडकीतून थेट आपल्या बिछान्यात पडते. मूळ दृश्य ताजं असेल तर त्या नजरेनंतरचे दोन-तीन सेकंद हॉल अगदी गप्प असतो, आणि नंतर जो हशा फुटतो तो सुटकेचा असतो.

प्रत तपासताना मिनिटांवर विसंबू नका. पाल (भारत-युरोपातली टीव्हीची पद्धत) डीव्हीडीवर चित्रपट सेकंदाला चोवीसऐवजी पंचवीस चौकटींनी धावतो, त्यामुळे लांबी सुमारे चार टक्क्यांनी घटते. ७१ मिनिटांचा ‘फ्रँकेनस्टाईन’ ६८ मिनिटांचा दिसेल आणि तुम्हाला वाटेल की कापलेला आहे. ‘यंग’ही १०६ऐवजी १०२च्या आसपास दिसेल. काहीही कापलेलं नसतं. फक्त आवाज किंचित चढा होतो. खात्री करायची तर तळ्याचं दृश्य काढून मुलगी पाण्यात पडलेली डोळ्यांनी बघा.

निशाचर

‘अ‍ॅबट अँड कॉस्टेलो’चं उत्तर: याची तयारी वेगळी. हा ‘फ्रँकेनस्टाईन’च्या नावाने विकला गेला असला तरी कथेचा सूत्रधार ड्रॅक्युला आहे आणि जीव वुल्फमॅनमध्ये आहे. त्याआधी ‘ड्रॅक्युला’ (१९३१, ७५ मिनिटं) आणि ‘द वुल्फ मॅन’ (१९४१, ७० मिनिटं) हवेत. तुमच्या दोन रविवारांत हे बसणार नाही. तिसरा रविवार मिळाला तरच घ्या.

घेतलात तर दोन गोष्टी आधी सांगा. एक, ‘ड्रॅक्युला’त लुगोसीचे सुळे एकदाही दिसत नाहीत. प्रेक्षक शेवटपर्यंत सुळ्यांची वाट बघतात आणि हिरमुसतात. दोन, चित्रपटाला पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. श्रेयनामावलीवर ‘स्वान लेक’ वाजतं, नंतर नाट्यगृहाच्या प्रसंगात थोडं संगीत, बाकी शांतता. १९३१च्या ‘फ्रँकेनस्टाईन’चंही तसंच आहे. आजच्या कानांना ही शांतता म्हणजे साउंड बंद पडल्यासारखी वाटते आणि कुणीतरी उठून वायर हलवायला जातं.

१९४८च्या चित्रपटाचं मोठेपण असं की त्यात राक्षसांना कुणीही हास्यास्पद केलेलं नाही. लुगोसी १९३१नंतर पडद्यावर पुन्हा ड्रॅक्युला झाला तो इथेच, आणि तो शेवटचाच. वयाच्या ६५व्या वर्षीही तो तोच आब राखून आहे. लॉन चेनी ज्युनियरचा लॅरी टॅलबॉट, म्हणजेच वुल्फमॅन, खरोखर दुःखी आहे. कुलूप लावा, मला बाहेर सोडू नका, असं तो जीव तोडून सांगतो. विनोद फक्त दोन माणसांकडे आहे. विल्बर (लू कॉस्टेलो) राक्षस बघतो, चिकला (बड अ‍ॅबट) तो शेवटच्या धावपळीपर्यंत दिसत नाही.

मेणबत्तीचा प्रसंग त्यासाठी नीट बघण्यासारखा आहे. ड्रॅक्युलाच्या शवपेटीच्या झाकणावर मेणबत्ती ठेवलेली आहे. आत हालचाल झाली की झाकण उचललं जातं आणि मेणबत्ती सरकते. विल्बरच्या घशातून आवाज फुटत नाही, नुसती हवा. चिक येतो, झाकण खाली, मेणबत्ती जागेवर. चिक जातो, पुन्हा सरकते. सरकत्या मेणबत्तीची युक्ती याच जोडीने ‘होल्ड दॅट घोस्ट’मध्ये (१९४१) वापरली होती. पण इथे झाकणाखालून जो हात बाहेर येतो तो खऱ्या ड्रॅक्युलाचा, आणि हात येण्याचा वेग भयपटातलाच, संथ. वेग विनोदाचा ठेवला असता तर प्रसंग पडला असता.

चुकाही दाखवा, लोकांना आवडतं. ड्रॅक्युला आपल्या साथीदार सँड्राला चावायला वाकतो तेव्हा त्याचं प्रतिबिंब आरशात स्वच्छ दिसतं. आणि राक्षस झालेला ग्लेन स्ट्रेंज याचा घोटा चित्रीकरणात मोडला, म्हणून बाईला खिडकीतून फेकण्याच्या क्षणी राक्षसाच्या वेषात चेनी आहे. थांबवून बघितलं तर अंगकाठीतला फरक कळतो.

चित्रकथी

मन:पूर्वक आभार सगळ्यांचे. तिसरा रविवार मिळेलसं वाटत नाही, तेव्हा फ्रँकेनस्टाईनची मालिकाच पक्की. ‘ब्राइड’मधलं नेमकं काय पकडायला सांगू प्रेक्षकांना? आणि इंग्रजी शब्दखेळांचं काय करायचं? सबटायटल्स इंग्रजीच आहेत. मंडळातल्या निम्म्या लोकांना वाचता येतात, पण कोटी पकडता येईलच असं नाही.

कृष्णधवल

‘ब्राइड’मधून दोनच गोष्टी: आंधळा संन्यासी आणि नवरीचे केस.

संन्याशाचं दृश्य मुद्दाम सांगून ठेवा. व्हायोलिनच्या सुरांमागे राक्षस झोपडीपाशी येतो. आंधळ्याला त्याचं रूप दिसत नाही, म्हणून तो त्याला आत घेतो, खाऊपिऊ घालतो, वाइन पाजतो, सिगार ओढायला शिकवतो. राक्षस ‘फ्रेंड’ हा शब्द इथेच शिकतो. संपूर्ण मालिकेतलं हे सगळ्यात हळवं दृश्य आहे.

‘यंग’मध्ये जीन हॅकमनचा संन्यासी तेच सगळं करतो: खाऊ घालणं, वाइन, सिगार. बदल एकच की तो खरंच आंधळा आहे. कढत सूप वाडग्याऐवजी पाहुण्याच्या मांडीवर ओततो. चिअर्स करताना पाहुण्याचा मग फोडून टाकतो. सिगारऐवजी अंगठा पेटवतो. १९३५च्या चित्रपटात आंधळ्याला वस्तू बरोबर सापडत होत्या, इकडे कुणी लक्षच दिलं नव्हतं, आणि ब्रुक्स-वाइल्डरनी नेमकं तेच उचललं. राक्षसाच्या चेहऱ्याकडे बघा. अंगठा पेटेपर्यंत बॉइल आभारी आणि सहनशील आहे. त्याला कुणीतरी जेवायला बोलावलंय याचं त्याला अप्रूप आहे. म्हणून हे दृश्य चेष्टा करूनही मूळ दृश्याचा अपमान करत नाही.

केसांबद्दल: एल्सा लँचेस्टरची नवरी शेवटच्या काही मिनिटांतच येते. उभे केस, कानशिलावर पांढऱ्या विजेसारख्या बटा, हंसासारखा फिस्कार. ‘यंग’मध्ये नायकाची वाग्दत्त वधू झालेली मॅडलिन काहन त्याच केसांनिशी येईपर्यंत प्रेक्षकांना नवरी आठवली पाहिजे. मध्ये आठवडा जाणार असल्याने दुसऱ्या रविवारी ‘सन’च्या आधी ‘ब्राइड’ची शेवटची दहा मिनिटं पुन्हा दाखवलीत तर उत्तम.

मुलं येणार असतील तर एक सूचना. ‘यंग’मध्ये चावट विनोद बरेच आहेत, काहन आणि बॉइलचा प्रसंग तर उघडच तसा आहे. ‘अ‍ॅबट अँड कॉस्टेलो’त हा प्रश्न येत नाही.

शब्दवेडा

शब्दखेळांचा मुद्दा माझ्या आवडीचा, म्हणून जरा सविस्तर.

तत्त्व सोपं आहे. कोटी आधी फोडायची नाही, पण तिचा कच्चा माल आधी द्यायचा. चित्रपटाआधी पाच मिनिटांत एवढं पुरतं:

स्टेशनवर नायक खिडकीतून एका पोराला विचारतो, हे ट्रान्सिल्व्हेनिया स्टेशन का? त्या वाक्याचा ठेका अमेरिकेत १९४१ साली गाजलेल्या ‘चॅटानूगा चू चू’ या गाण्याचा आहे. ते गाणं एक मिनिटभर आधी ऐकवा. काही बोलू नका. स्टेशन आलं की लोकांच्या कानाला आपोआप कळेल.

‘वॉक धिस वे’ या वाक्याला दोन अर्थ: ‘इकडून चला’ आणि ‘असं चाला’. आयगोर पहिल्या अर्थाने सुरू करतो, मग आपली आखूड काठी नायकाच्या हाती देतो आणि नायक त्याच्यासारखा वाकून चालतो. इथे सबटायटल लागतच नाही, कृती सांगते.

लांडग्याची कोल्हेकुई ऐकून नायकाची मदतनीस इंगा दचकते आणि म्हणते, ‘वेअरवुल्फ!’ म्हणजे मानवलांडगा. नायक तोच शब्द प्रश्नार्थक म्हणतो आणि आयगोरला तो ‘व्हेअर वुल्फ?’ असा, म्हणजे ‘लांडगा कुठे?’ असा ऐकू येतो. तो बोट दाखवून सांगतो, तिथे लांडगा, तिथे वाडा. मराठी तोंडाला ‘वेअर’ आणि ‘व्हेअर’ एकच, त्यामुळे ही कोटी आपल्या लोकांना पटकन कळते. फक्त ‘वेअरवुल्फ’ हा शब्द माहीत असायला हवा.

मेंदूची कोटी मात्र नाजूक आहे. १९३१च्या चित्रपटात फ्रिट्झ चांगल्या मेंदूची बरणी पाडतो आणि बिघडलेल्या मेंदूची उचलतो. १९७४मध्ये आयगोर विजेच्या लखलखाटात आरशातल्या स्वत:लाच घाबरून बरणी पाडतो. कुणाचा मेंदू आणला, असं नंतर विचारल्यावर तो सांगतो, अ‍ॅबी कुणीतरी. अ‍ॅबी नॉर्मल. म्हणजे बरणीवरचं ‘अ‍ॅबनॉर्मल’ त्याने बाईचं नाव म्हणून वाचलं. प्रेक्षकांना ‘अ‍ॅबी’ हे मुलीचं नाव असतं एवढंच आधी कळायला हवं. ते ओझरतं सांगा, कशासाठी ते सांगू नका.

आणि वाड्याची कारभारीण फ्राऊ ब्ल्यूखर. तिचं नाव निघालं की कुठूनही घोडे खिंकाळतात. या जर्मन शब्दाचा अर्थ ‘सरस’ असा आहे आणि घोड्यांपासून सरस करतात म्हणून ते भेदरतात, अशी अफवा पसरलेली आहे. ती खोटी आहे. सरसाला जर्मनमध्ये ‘लाइम’ म्हणतात, ब्ल्यूखर हे नुसतं आडनाव आहे. भयपटात कुणाचं नाव घेतलं की वीज कडाडते, त्या रीतीवरचा हा विनोद आहे. सरसाचं स्पष्टीकरण कुणी पुढे केलं तर तिथल्या तिथे थांबवा.

पडदा आणि प्रोजेक्टर

आता तांत्रिक बाजू. खेळ इथेच बिघडतो.

पहिली गोष्ट चौकट. १९३१, ३५ आणि ३९चे तिन्ही चित्रपट १.३७ प्रमाणाचे, म्हणजे जवळजवळ चौकोनी. तुमचा आठ फुटी पडदा १६:९ असेल तर चित्राची रुंदी साधारण सहा फूट दोन इंच येईल आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतील. ते राहू द्या. कुणीतरी ‘पडदा पूर्ण भरत नाही’ म्हणून फुल किंवा झूम करतो आणि मग कार्लॉफचं कपाळ कापलं जातं किंवा तो बुटका होतो. राक्षसाचं अर्धं भय त्याच्या उंचीत आहे. ‘यंग’ १.८५ प्रमाणाचा आहे, वरखाली अगदी बारीक पट्टे येतील, तेही बरोबरच आहेत.

दुसरी गोष्ट, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. प्रोजेक्टरच्या मेनूत तिचं नाव मोशन, स्मूथ किंवा फ्रेम इंटरपोलेशन असं काही असतं. ती चालू असली की जुना चित्रपट दूरदर्शनवरच्या नाटकासारखा दिसतो. ‘यंग’मध्ये ब्रुक्सने जुन्या पद्धतीचे आयरिस (चित्र गोल होत मिटत जाणं) आणि वाइप (एक चित्र दुसऱ्याला पुसत जाणं) मुद्दाम वापरलेत. त्यांच्या कडांवर या सोयीमुळे पाणी हलल्यासारखं दिसतं.

तिसरी गोष्ट रंग. कृष्णधवल म्हणजे खरंच करडा हवा. चित्र ‘व्हिव्हिड’वर असेल तर निळसर येईल, ‘वॉर्म’वर कधी पिवळट. सिनेमा मोड लावा, सॅच्युरेशन शून्यावर आणा, करड्या आकाशाचं एखादं दृश्य थांबवून पांढऱ्या कागदाशेजारी धरून बघा. सॅच्युरेशन शून्य केल्याने जुन्या डीव्हीडीवरचे इंद्रधनुषी डाग जातात. पांढऱ्याची झाक मात्र कलर टेंपरेचरनेच सुधारते, दोन्ही करावं लागतं.

चौथी, आणि सगळ्यात जास्त नडणारी: दुपारचा उजेड. ‘सन’मधल्या भिंतींवरच्या लांबच लांब तिरप्या सावल्या म्हणजे त्या चित्रपटाचं अर्धं नेपथ्य. खिडक्यांना नुसते पडदे असतील तर तीन ते पाच या वेळात त्या सावल्या करड्या होतील. काळ्या कापडाने खिडक्या आतून झाका, कडांना चिकटपट्टी लावा. प्रोजेक्टरची ब्राइटनेस वाढवून हे साधत नाही. तिने काळा रंगच उजळतो.

पाचवी, आवाज. मूळ आवाज मोनो आहे. अ‍ॅम्प्लिफायरवरचा सराउंड, हॉल, स्टेडियम असला कुठलाही परिणाम बंद ठेवा, नाहीतर संवाद भिंतींवर आपटून घुमतात. १९३१च्या चित्रपटात आवाज थोडा वाढवावा लागतो. मग वादळाच्या दृश्याआधी कमी करायला विसरू नका.

सहावी गोष्ट ब्ल्यूखरच्या घोड्यांसाठी. सबटायटल निवडताना कर्णबधिरांसाठीची पट्टी टाळा, मंडळात कुणाला तिची गरज नसेल तर. त्या पट्टीत ‘घोडे खिंकाळतात’ अशी सूचना आवाजाच्या क्षणभर आधी पडद्यावर येते आणि लोक आधीच हसून मोकळे होतात. मेनूत साधी इंग्रजी पट्टी बहुधा वेगळी असते.

परवानगीचंही बघा. घराबाहेर, मंडळात दाखवणं हे जाहीर प्रदर्शन ठरतं, विकत घेतलेली डिस्क त्यासाठी पुरत नाही. पहिले तीन युनिव्हर्सलचे, ‘यंग’ ट्वेंटिएथ सेंचुरी फॉक्सचा, जो आता डिस्नेकडे आहे. म्हणजे दोन वेगळ्या ठिकाणी विचारावं लागेल. महिनाभर आधी पत्र टाका.

रीळवाला

प्रयोगशाळेबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून भर घालतो. चर्चेत हा भाग हमखास रंगतो.

१९३१च्या प्रयोगशाळेतली ठिणग्या उडवणारी यंत्रं केनेथ स्ट्रिकफॅडनने केली होती. ‘यंग’ची तयारी सुरू झाली तेव्हा ती यंत्रं त्याच्या घरी गॅरेजमध्ये शाबूत होती. ब्रुक्सने तीच भाड्याने घेतली. १९३१ साली त्याला श्रेय मिळालं नव्हतं, १९७४च्या चित्रपटात त्याचं नाव आहे. म्हणजे तुमचे प्रेक्षक पहिल्या रविवारी आणि दुसऱ्या रविवारी जी यंत्रं बघतील त्यातली बरीचशी तीच आहेत, मध्ये त्रेचाळीस वर्षं लोटलेली.

दोन उभ्या दांड्यांमधून ठिणगी वर चढत जाते ती ‘जेकब्स लॅडर’. दांड्या खाली जवळ आणि वर लांब असतात. ठिणगी सगळ्यात जवळच्या जागी, म्हणजे खाली पेटते. तापलेली हवा वर उठते आणि तिच्याबरोबर ठिणगीही. अंतर फार वाढलं की तुटते आणि पुन्हा खालून सुरू. एवढं सांगितलं तरी शाळकरी पोरं दोन्ही चित्रपटांत तिचीच वाट बघतात.

रंगभूषेतही एक बघण्यासारखं आहे. १९३१मध्ये जॅक पियर्सने कापूस आणि कोलोडियन (वाळून कातडीसारखं घट्ट होणारं द्रव) यांचे थर चढवत कार्लॉफचं चपटं कपाळ उभं केलं. रोजचे काही तास त्यातच जात. मानेतले ते ‘बोल्ट’ म्हणजे वीज सोडायचे इलेक्ट्रोड आहेत. रंग हिरवट होता, पण प्रेक्षकांना हिरवा दिसावा म्हणून नव्हे. कृष्णधवल फिल्मवर तो प्रेतासारखा फिकट उतरत असे. ‘यंग’साठी विल्यम टटलने बोल्ट काढले आणि मानेला चक्क झिप लावली.

कृष्णधवलचा आग्रह हा ब्रुक्सचा. कोलंबियाशी बोलणी फिसकटली त्यात पैशाबरोबर हाही मुद्दा होता, मग चित्रपट फॉक्सकडे गेला. छायाचित्रकार जेराल्ड हर्शफेल्डने प्रकाश १९३०च्या दशकातल्या गंभीर चित्रपटासारखाच ठेवला. पहिल्या मिनिटाचा पावसातला वाडा आवाज बंद करून दाखवा. विनोदी चित्रपट आहे हे ओळखता येणार नाही.

माजघर

एक शंका. आपला ‘झपाटलेला’ (१९९३) याच माळेत दाखवता येईल का? तात्या विंचूचा बाहुला म्हटल्यावर हॉल भरेल.

निशाचर

हॉल भरेल, पण जात वेगळी आहे. ‘झपाटलेला’त बाहुल्यात शिरणाऱ्या खुन्याची कल्पना ‘चाइल्ड्स प्ले’वरून (१९८८) आली असली तरी तो पाहिलेला नसताना तात्या विंचू तितकाच घाबरवतो आणि लक्ष्या तितकाच हसवतो. तो स्वतःच्या पायावर उभा असलेला भयविनोदपट आहे. ‘यंग’मधलं प्रत्येक दृश्य जुन्या दृश्याला टेकून उभं आहे, ते काढलं की पडतं. शेजारी ठेवायचाच असेल तर ‘अ‍ॅबट अँड कॉस्टेलो’बरोबर ठेवा. तिथेही खलनायक गंभीर आहे आणि पळापळ विनोदी माणसाच्या वाट्याला आहे. रामदास पाध्यांचा बाहुला मान वळवतो त्याचा वेग बघा, तोही संथच आहे.

पुढच्या वर्षी रंगीत मालिका करायची असेल तर हॅमर कंपनीचा ‘ड्रॅक्युला’ (१९५८), मग ‘कॅरी ऑन स्क्रीमिंग’ (१९६६), आणि शेवटी पोलान्स्कीचा १९६७चा ‘डान्स ऑफ द व्हॅम्पायर्स’. या शेवटच्याची अमेरिकेतली छाटलेली आवृत्ती घेऊ नका, लांब असलेली घ्या. त्यात ज्यू खानावळवाला पिशाच्च झाल्यावर क्रूस बघून घाबरत नाही तो प्रसंग आहे आणि शेवटाला आरशासमोरचं नृत्य आहे. दिवाणखाना भरून पिशाच्चं नाचतायत, आरशात दिसतात फक्त तीन माणसं.